न केलेल्याची नोंद

एकोणीस मे, रात्री दोन सतरा.
रक्कम अठरा हजार सहाशे बेचाळीस.
दुकानाचं नाव वाचताना जीभ अडखळते,
गाव नॉर्वेतलं. मी शोधून काढलं:
तिथं बर्फात घालायचे बूट मिळतात.

नरडाण्याला त्या रात्री
पंखासुद्धा गरम श्वास टाकत होता.
फलाटावरच्या बाकाचं लोखंड
मध्यरात्र उलटली तरी निवलं नव्हतं.
उखा कोळी माठावरचं फडकं
तिसऱ्यांदा भिजवून आला होता.
स्टेटमेंट दाखवलं तेव्हा तो आधी हसला,
‘बरफना बूट? मॅडम, आठे पाय भाजी ऱ्हायनात!’
मग गप्प झाला, आणि हळूच,
‘पन तुमना नाववर कोन फिरी ऱ्हायना?’

नऊ दाबा म्हणाले, नऊ दाबलं.
सनई संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.
मग कुणी रितेश. इस्त्री केलेला आवाज.
कार्ड आपल्याजवळच आहे का, मॅडम?
आहे. पर्समध्ये, पासच्या मागं, जिथं असतं तिथं.
घरात कुणाला दिलं होतं? मुलांना, मिस्टरांना?
मुलं नाहीत. मिस्टर धुळ्यात असतात,
सहा वर्षं बोललेले नाहीत,
बूट तर लांबच.
हे त्याला सांगितलं नाही. ‘नाही’ म्हटलं.
मग व्यवहार आपण केला नाही, याला काही पुरावा?

बावीस वर्षं मी झालेलंच लिहीत आले.
किती वाजता आली, किती वाजता सुटली,
लाइन कुणी मागितली, कुणी दिली.
जी गाडी आलीच नाही
तिला रजिस्टरात रकाना नसतो.

तरी फॉर्म भरला. मी, हेमांगी भदाणे, स्टेशन मास्तर.
कारण लिहायला दीड ओळ.
दीड ओळीत मावेना म्हणून पान जोडलं:
दोन अकराला कोळशाच्या गाडीनं बेटावद सोडलं.
दोन सतराला मी शिंदखेड्याकडं लाइन मागितली.
दोन अठराला मिळाली.
दोन बावीसला गाडी समोरून गेली, अठ्ठावन्न डबे,
मी हिरवा दिवा धरून उभी,
शेवटच्या डब्याचा लाल दिवा पाहिला, वेळ टाकली.
सही माझीच.

त्या पानाच्या नकलेला परवानगी लागते.
साहेब म्हणाले, बँकेसाठी? अहो,
हे रजिस्टर अपघात झाला तर मागतात.
म्हटलं, तसाच समजा.
चार दिवसांनी शिक्का मिळाला.

नव्वद दिवस लागतील, रितेश म्हणाला,
की दुसरा कुणी रितेश.
तेवढ्या दिवसांत रात्रपाळीला
ती बाई डोळ्यांसमोर यायची,
सोळा आकड्यांची,
माझ्या नावाचे बूट घालून
कुणालाही न विचारता पुढं निघालेली.
मी आजवर लाइन मिळाल्याशिवाय
कुठलंच काही सोडलं नाही.
राग यायचा तिचा.
बहुतेक वेळा रागच.

ऑगस्टच्या स्टेटमेंटात रक्कम परत.
आमच्याकडं चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारतात,
खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही.
बँक रेघ मारत नाही.
खाली एक नवी ओळ टाकते
आणि दोन्ही ओळी
खऱ्या असल्यासारख्या उभ्या राहतात.

परदेशी व्यवहाराचं शुल्क मात्र आलं नाही,
त्या शुल्कावरचा करही नाही.
सातशे एकोणसत्तर रुपये, एक्याण्णव पैसे,
न चाललेल्या बर्फाचे.

उखा म्हणतो, ‘जाऊ द्या मॅडम, इतलं मियनं ना.’
पुढच्या गाडीला चाळीस मिनिटं आहेत.
मी नऊ दाबते.